मुरबाडला निळी विकायला

निघायची वेळ झाली आणि निळी रुसली. निळी म्हणजे आमची मोटार. आटगावच्या अलीकडच्या आमच्या गावात ती आली तेव्हा दुसरी मोटारच नव्हती, म्हणून तिला नाव पडलं, जसं गाईला पडतं. थंडीत ती ढकलल्याशिवाय उठायची नाही. पौषातली सकाळ, माहुलीच्या सुळक्यांना धुक्याची गोधडी, आणि आळीतले चार बाप्ये लुंग्या खोचून मागून रेटा देतायत, असं आमचं प्रस्थान. निळीने एकदा खोकून काळा धूर सोडला, तो ढकलणाऱ्यांच्या तोंडावर. त्यातला एक म्हणाला, "काकू, विकूनच या हो. परत नका आणू, आमच्या कमरा गेल्या."

आमच्या आळीतल्या बायका यात्रा कंपनीबरोबर काशी-रामेश्वर करून येतात आणि महिनाभर दारात बसून वर्णनं सांगतात. मी आपली त्यांची काशी फोटोत बघायची. तर मीही म्हटलं, आपण आपला शहापूर-मुरबाड प्रवास लिहावा. काशीला जाऊन माणूस परत येणारच असतं. आमचं तसं नक्की नव्हतं, कारण गाडी आमचे हे चालवणार होते.

ह्यांना दिसत नाही. एवढं एकच वाक्य होतं बघा, पण ते आमच्या घरात वर्षभर कुणी बोललं नव्हतं. मोतीबिंदू म्हणा, काही म्हणा, डोळ्यांवर साय आल्यासारखी झाली होती. ताटातली मिरची शेंग म्हणून खायचे आणि डोळ्यांतून पाणी आलं की माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. तोवर मी सोसलं. पण दिवाळीनंतर एकदा निळी मागे घेताना ह्यांनी शेजारचा कूड (कारवीच्या काठ्यांची लिंपलेली भिंत) आडवा केला. कुडाच्या पलीकडे शेजारची चिमी भातुकली मांडून बसायची. त्या घटकेला ती पाणी प्यायला आत गेली होती. कुडाखाली चपटी झालेली तिची बोळकी मी एकेक करून पदरात वेचली. हे म्हणाले, कूड आधीच कललेला होता.

मग घरात सभा भरली, अर्थात ह्यांना वगळून. थोरला भातसानगरला धरणावर नोकरीला, धाकटा कल्याणला जातो. दोघांचं एकमत झालं की अण्णांच्या हातून गाडी काढली पाहिजे. असं एकमत आमच्याकडे वाटणीच्या गोष्टीतही झालेलं नाही. मग सांगायचं कुणी, यावर थोरला म्हणाला, धाकट्याचं ते ऐकतात. धाकटा म्हणाला, थोरल्याला मान आहे. सून म्हणाली, मी परक्याची. आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत होते. म्हटलं, मी सांगितलं तर ते म्हणतील तुला काय कळतं, आणि रागाने गाडी काढून कसाऱ्यापर्यंत जाऊन येतील. शेवटी दिसण्याचा विषयच नको, गाडी जुनी झाली म्हणून विकू या, असं ठरलं. शहाणी माणसं अशीच ठरवतात.

विकायला हे तयार झाले ते गिऱ्हाइकांना नावं ठेवायला मिळतील म्हणून. पहिले एक मास्तर आले. चार वेळा आले, चार वेळा चहा-पोहे झाले, आणि ह्यांनी त्यांना नाकारलं, कारण मास्तर दार जोरात लावतात. दुसऱ्याने गाडी बघायला म्हणून चालवत नेली ती दुपार टळल्यावर आणली. मागच्या सीटवर त्याच्या सासूबाई, मांडीवर पितळी हंडा आणि पायाशी कांद्याचं पोतं. शहापूरचा बाजार उरकून आले होते. तिसऱ्याने निळीला म्हातारी म्हटलं, त्याला पाणीही विचारलं नाही. मुलगी द्यायला मी इतकी स्थळं पाहिली नव्हती.

अशात थोरल्याने मुरबाडचं गिऱ्हाईक आणलं. बारकूशेट नावाचे बैलांचे व्यापारी, पैसा बाळगून असलेले, घराला मोटार हवी म्हणाले. पण त्यांचा निरोप आला, जनावर आमच्या दारात आणून दाखवा. हे खूश झाले. मला म्हणाले, "जाऊन येऊ. द्यायची कुठं आहे?" त्यांना फेरी मारायची होती. आणि दोन्ही मुलांना त्याच दिवशी रजा मिळेना. मिळून तरी काय उपयोग, ह्यांनी जन्मात घरातल्या कुणाला चाकाला हात लावू दिला नव्हता. म्हणून मी शेजारी बसले. देवाला नारळ बोलले तो घरी नाही, गाडीत बसल्यावर.

आता ह्यांना न दुखवता गाडी चालवून कशी घ्यायची, याची एक युक्ती मला सरावाने साधली होती. "समोर म्हैस आहे" म्हटलं की हे भडकायचे, "मला दिसतंय." म्हणून मी म्हशीच्या चहाड्या करायचे. "काय मेली आळशी म्हैस, अगदी रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलीय, उजव्या अंगाला जरा जागा ठेवलीय म्हणून बरं." हे काहीच न बोलता उजवीकडून काढायचे. हायवेवर मी ट्रकवाल्यांना नावं ठेवली, वळणावर सरकारला ठेवली, गतिरोधकावर ज्याने तो बांधला त्याच्या कुळाचा उद्धार केला. शहापूरच्या नाक्यापर्यंत माझ्या घशाला कोरड पडली. रस्त्यातल्या कुणाबद्दल म्हणून मी चांगलं बोलले नाही.

शहापूर सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो तशी गर्दी संपली. भात कापून झालेली शेतं, त्यात वालाचे हिरवे वाफे, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या. ऊन कोवळं, वारा गार. मला वाटलं, आता दोन घटका तोंड मिटावं. मिटलं, आणि हे कचकन थांबले. माझं डोकं काचेपर्यंत जाऊन आलं. पुढे बघते तर रस्ता मोकळा. मग ह्यांनी हॉर्न वाजवला. थांबले. पुन्हा वाजवला.

रस्त्यावर एका जुन्या आंब्याची सावली आडवी पडली होती. काळीशार, गच्च. ह्यांना ती काय वाटली देव जाणे, गुरांचा कळप वाटला असावा.

म्हशीची चहाडी करता येते, सावलीची काय करायची? तेवढ्यात मागून मोळीविक्या ठाकरणी आल्या, वाडीवरून किन्हवलीच्या बाजाराला निघालेल्या. डोक्यावर लाकडांच्या मोळ्या, कासोटे घट्ट, पाय अनवाणी. त्यातली पुढची म्हातारी खिडकीशी थबकली. तिने गाडी पाहिली, ह्यांचा हात हॉर्नवर पाहिला, मग रस्ता पाहिला.

"बाबा, सावली हाय ती," ती म्हणाली. "उचलून कडंला ठिवू का?"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. मोळ्या हलल्या. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, म्हणून मी पदर तोंडाला लावून खोकले. ह्यांनी काच वर केली, गियर टाकला आणि म्हणाले, "इंजिन तापलं होतं, जरा विसावा दिला." पौषातल्या सकाळी.

किन्हवलीला चहा घेतला. टपरीत कांदाभजी इतकी गरम की जीभ भाजली, आणि मला तेवढीच बरी सबब मिळाली गप्प बसायला. ह्यांनी बशीत चहा ओतला तो निम्मा टेबलावर. टपरीवाल्याने फडकं मारलं आणि विचारलं, "कुठं चाललाव काका?" हे म्हणाले, "मुरबाडला, गाडी दाखवायला." तो म्हणाला, "बघा हां, पुढं पुलावर कठडा नाय." ह्यांनी मान डोलावली, कठडा असता तरी त्यांना काय फरक पडणार होता.

त्या पुलावर मी बोलले नाही, स्तोत्रही म्हटलं नाही. खाली नदीचं पाणी दगडांतून चमकत होतं, एक बाई धुणं आपटत होती, तिची लाल साडी खडकावर वाळत होती. फार देखणं होतं. चांगलं काही दिसलं की माणूस मरायला टेकलंय असं मला वाटतं. पलीकडे उतरलो आणि ह्यांनी विचारलं, "पूल यायचाय का अजून?" मी म्हटलं, "गेला." ते म्हणाले, "माहितीय."

सरळगावला मोठा रस्ता लागला, तिथून मुरबाड जवळ. बारकूशेटचं घर गावाबाहेर, मागे गोठा आणि गोठ्यात बैलांच्या दोन रांगा. अंगण सारवलेलं, त्यात निळी उभी केली तेव्हा कोंबड्या उधळल्या. बारकूशेट म्हणजे बुटका, पीळदार माणूस, खांद्यावर टॉवेल. राम राम झाला, आमची गावं, पाव्हणे, कोण कुणाच्या सोयऱ्यातलं ते झालं, आणि मग ते उठून निळीभोवती फिरायला लागले.

मी बैलाचा बाजार पाहिलाय, मोटारीचा नव्हता पाहिला. त्यांनी बॉनेटवर थाप मारून कान लावला. चाकापाशी उकिडवे बसून खूर बघावा तसं टायर बघितलं. मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ चाल कशी असेल त्याचा विचार केला. दिव्यांच्या काचा पुसून त्यांनी आत डोकावून पाहिलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आता दात मोजतील. इतका वेळ हे शेजारी ताठ उभे, मास्तरांना नाकारलं त्याच चेहऱ्याने. दार जोरात लावायची वाट बघत होते.

पण बारकूशेटनी दार लावलंच नाही. ते म्हणाले, "अण्णा, आमचा धंदा बैलांचा. आमच्यात इकणारा जनावराच्या पाठीवर हात ठेवतो आन खोडी सांगतो. हात पाठीवर असताना खोटं बोललं का दावणीचं दुसरं जनावर दगावतं. हिला पाठ नाय, टप हाय. ठेवा हात."

ही रीत आमच्याकडेही आहे. ह्यांनी स्वतः ऐन उमेदीत किती बैल दिले-घेतले. म्हशीबद्दल, मेघराजाबद्दल, माझ्या माहेराबद्दल हे वाटेल ते बोलतील, पण या रीतीला खोटं करायची त्यांची छाती नाही. त्यांनी निळीच्या टपावर हात ठेवला आणि बोलायला लागले. डावं दार आतून उघडत नाही. चढाला तापते. हँडब्रेक नावालाच. पावसात पायाशी पाणी येतं. थंडीत ढकलावी लागते. मी ऐकतच राहिले. यातली एकूण एक खोड मी इतकी वर्षं सांगत आले आणि दर वेळी 'तुला काय कळतं' घेऊन आत गेले. वाटलं, लग्नात अंतरपाटाऐवजी ह्यांचा हात बैलावर ठेवायला हवा होता.

बारकूशेट मान हलवत होते. खोडी संपल्या. मग त्यांनी विचारलं, "येवढ्या खोडींसकट सांभाळलीत. मग आता इकता का?"

अंगणात गोठ्यातल्या रवंथाचा आवाज येत होता. ह्यांना हात काढता आला असता. ते म्हणू शकले असते, पाणी द्या, ऊन झालं, परत जायचंय. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. शिरा उठलेला, नखाखाली ग्रीस अडकलेला हात. तो टपावरच राहिला.

"मला दिसत नाय आता," हे म्हणाले. मग थोडं थांबून, "समोरचं काय बी दिसत नाय. ही बोलते, तेवढंच दिसतं."

मी दुसरीकडे बघितलं. कोंबड्या होत्या, त्या मोजायला लागले.

बारकूशेटनी कीव केली नाही, डॉक्टरचं नाव सुचवलं नाही, अरेरे म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं. ही काय गाडीची खोड नाय." आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी ह्यांच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली बोटांची बोलणी झाली, जशी बैलाची होतात, म्हणजे कुणाला भाव कळत नाही. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. दोघे एकदम हसले आणि सौदा झाला. बोटं किती धरली ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की हे म्हणतात, "टॉवेल होता ना वर."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि गावठी कोंबडीचं कालवण. ह्यांच्या ताटात वाढताना बारकूशेटची बायको सरळ म्हणाली, "भावोजी, मिरची डाव्या हाताला हाय हां." हे म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." इतकं सोपं होतं ते. मी घास हातात धरून बसले.

जेवणं झाल्यावर बारकूशेटची सून पुढे आली. सरळगावला बालवाडीत शिकवायची, कल्याणला मामाकडे राहून गाडी शिकलेली. गाडी तिच्यासाठीच घेतली होती. ह्यांनी किल्ली दिली, पण किल्लीला बांधलेला लाल गोंडा सोडवून घेतला. जनावर द्यावं, दावं (बांधायचा दोर) देऊ नये, ते आपल्या दावणीला राहावं, हीसुद्धा रीतच. बारकूशेटनी आत जाऊन स्वतःचा काळा गोफ आणला. सून बसली, तिने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि एका दमात निळी मागे घेऊन गोठ्याच्या आडोशाला लावली. एक कोंबडी मेली नाही. ह्यांना आवाजावरून समजलं आणि हे म्हणाले, "हात हलका आहे पोरीचा." माझ्या डोळ्यांपुढे माझे दोन धट्टेकट्टे मुलगे आले, ज्यांना सायकल सोडून काही येत नाही.

परतीला मुरबाड स्टँडवरून एसटी. मी खिडकीशी बसले, हे कडेला, गोंडा खिशात. सरळगाव गेलं. मग मला राहवेना. म्हटलं, "परक्याच्या अंगणात जाऊन सांगितलंत. घरात एवढे दिवस का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाय," हे म्हणाले. "तू तरी कुठं विचारलंस? तू म्हशी सांगत होतीस."

मी तिकिटाची घडी घातली. एसटी त्या बिनकठड्याच्या पुलावरून धडधडत गेली आणि मी या वेळी न घाबरता खाली पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही मुलं ओसरीवर बसलेली, त्या दिवशी रजा न मिळालेली. गाडीशिवाय आलो म्हणून थोरल्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "बरं झालं अण्णा, आमची काळजी मिटली."

हे पायातल्या वहाणा काढत होते ते थांबले. "कसली काळजी?"

थोरला धाकट्याकडे बघायला लागला. धाकट्याने सुनेकडे पाहिलं. सून आत गेली.

"तुमाला ठावं होतं," हे म्हणाले. "मला दिसत नाय ते सगळ्यांना ठावं होतं." आवाज चढला नव्हता. "मी समजत होतो, मलाच एकट्याला ठावं हाय. ती शेजारची पोर कुडाशी असती तर? तुमी रजा घेऊन आला असता, नाय का?"

पलीकडे नव्या कुडापाशी चिमी तिच्या आईशी भांडत होती, तेवढंच काय ते ऐकू येत होतं. काशीला गेलेल्या बायका सांगतात, तिकडे गंगेत माणूस हलका होतो. असेल. आमच्या घरातलं एक वाक्य मात्र ओसरीवरून चुलीपर्यंत यायला तयार नव्हतं, ते मुरबाडला बैलांच्या गोठ्यापुढे बाहेर पडलं आणि एसटीने घरी आलं. बाकी पाप माझंही धरा, मी त्याला वर्षभर म्हशींनी झाकून ठेवलं होतं.

हे भिंतीला टेकून बसले. चहा झाला. मग म्हणाले, शहापूरला डोळ्यांचा डॉक्टर बसतो, तर उद्याच जाऊन येऊ म्हणतो, ऑपरेशन सांगितलं तर करू. इतके दिवस ज्याच्यासाठी मी नवस बोलत होते ते त्यांनी साखर मागावी तसं मागितलं. मग त्यांनी विचारलं, कोण येतंय बरोबर?

थोरल्याला धरणावर साहेबांची पाहणी होती. धाकट्याची सकाळची लोकल चुकून चालणार नव्हती. दोघांनी खूप वाईट वाटून घेतलं. शेवटी धाकटा डोकं खाजवत म्हणाला, "चारच दिवस गाडी ठेवली असती ना अण्णा, तर डॉक्टरकडं न्यायला बरी पडली असती."

"हो रे," हे म्हणाले. "चालवली कुणी असती?"